माळावरचा ससा मोजायला हवा

पाळीव प्राण्यांच्या दुकानात पिंजऱ्यात बसलेला पांढराशुभ्र ससा आणि जेजुरी-सासवडच्या माळावर पहाटे चरणारा तपकिरी ससा हे दोन वेगळे प्राणी आहेत. शहरातल्या मुलांना हे कुणी सांगत नाही आणि मोठ्यांनाही सहसा ठाऊक नसतं. दुकानातल्या सशाचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालच्या रानातले. ते जमिनीत बिळं खोदून गटाने राहतात. त्यांची पिल्लं जन्मतात तेव्हा डोळे मिटलेले असतात आणि अंगावर केस नसतात. आपल्या माळावरचा ससा बीळ खोदत नाही, बहुतेक एकटाच वावरतो आणि त्याचं पिल्लू उघड्या डोळ्यांनी, अंगभर केस घेऊनच जन्माला येतं. दुकानातल्या सशात 44 गुणसूत्रं असतात, माळावरच्या सशात 48. दोघांचा संकर होत नाही.

लेपस निग्रिकॉलिस हे आपल्या सशाचं शास्त्रीय नाव. दख्खनमधल्या सशाची मानेमागची काळी खूण लगेच ओळखू येते. वजन साधारण दोन-तीन किलो, कान लांब, मागचे पाय उंच. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगरचे माळ, मराठवाड्यातली खुरटी रानं, विदर्भातली झुडपी जंगलं, कोकणातले कातळसडे, गोव्यातली पठारं अशा सगळ्या उघड्या जमिनींवर तो राहत आला आहे. खेड्यात वाढलेल्या जवळपास प्रत्येकाने तो कधी ना कधी पाहिलेला असतो. म्हणूनच त्याची काळजी कुणालाच वाटत नाही.

वाघांची देशव्यापी गणना 2006 पासून दर चार वर्षांनी होते. माळढोकाचे उरलेले पक्षी एकेक करून मोजले जातात. राज्यप्राणी शेकरूची घरटी मोजली जातात. सशासाठी अशी नियमित, राज्यभराची मोजदाद नाही. धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत तो ‘किमान चिंता’ या गटात आहे, त्यामुळे त्याच्यासाठी प्रकल्प नाही आणि निधीही नाही. पण ही यादी साऱ्या भारतीय उपखंडाचा हिशेब मांडते. इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या माळावर वीस वर्षांपूर्वी किती ससे होते आणि आज किती आहेत, हे तिच्यातून कळत नाही. ते गावातल्या माणसालाच कळू शकतं, आणि तेही त्याने शोधलं तर.

हा शोध अवघड नाही, फक्त सशाच्या आधी जमिनीकडे बघायची सवय लागते. पहिली खूण लेंड्यांची. शेळ्या-मेंढ्यांची लेंडी काळपट आणि लांबट असते. सशाची लेंडी गोल, किंचित चपटी, सेंटिमीटरभर आकाराची आणि वाळल्यावर गवताच्याच रंगाची होते. फोडली तर आत नुसता भुसा निघतो. त्या भुशात पचण्याजोगं फारसं काही उरलेलं नसतं, कारण ससा अन्न दोनदा पोटात घालतो. पहिल्या वेळी पडलेली मऊ, ओलसर लेंडी तो स्वतःच खातो आणि तिच्यातली उरलेली जीवनसत्त्वं नि प्रथिनं मिळवतो. आपल्या नजरेला पडते ती दुसऱ्या वेळची, कोरडी लेंडी.

दुसरी खूण दातांची. शेळी पाला ओढून तोडते, त्यामुळे देठाचं टोक फाटकं राहतं. सशाने खाल्लेला देठ तिरका आणि स्वच्छ कापलेला असतो. त्याच्या वरच्या जबड्यात पटाशीच्या दोन दातांच्या मागे आणखी दोन बारीक दात असतात. उंदीर-खारींमध्ये हे जादा दात नसतात. याच आणि अशाच फरकांमुळे प्राणिशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सशांचा गण उंदीर-खारींच्या, म्हणजे कृंतकांच्या गणापासून वेगळा केला.

तिसरी खूण ओढ्याच्या वाळूत किंवा पहिल्या पावसानंतरच्या मऊ मातीत मिळते. ससा धावताना पुढचे दोन पाय एकामागोमाग टेकवतो आणि मागचे दोन लांब पाय त्यांच्याही पुढे, शेजारी शेजारी आणून ठेवतो. नवख्या माणसाला त्यामुळे माग उलटा वाटतो आणि तो ससा आला त्या दिशेने चालू लागतो. कुत्र्या-मांजरासारखी उघडी गादी सशाच्या तळव्याला नसते. तिथे दाट केस असतात, म्हणून ठसा पुसट उमटतो आणि नुसत्या नखांचे ठिपके दिसतात.

या तीन खुणा एकत्र मिळाल्या की ससा आसपासच असतो. दिवसा तो तरवडाच्या किंवा बोरीच्या बुडाशी, उंच गवतात, क्वचित नांगरटीच्या ढेकळांत दबून बसतो. बसायची जागा म्हणजे अंगाच्या मापाची उथळ खळगी, मागच्या बाजूला जरा खोल. कान पाठीवर चपटे, डोळे उघडे. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे मागून येणारा माणूसही त्याला दिसतो. माणूस चालत राहिला तर तो चार हातांवरूनही हलत नाही. माणूस थांबला की मात्र त्याचा धीर सुटतो, तो पायाखालून उसळल्यासारखा निघतो आणि वाकडीतिकडी वळणं घेत दिसेनासा होतो. म्हणून ससा पाहायची खरी वेळ दिवसाची नाही. उजाडण्याआधीचा अर्धा तास किंवा दिवस मावळल्यानंतरची संधिप्रकाशाची वेळ धरावी, हरभऱ्याचं शेत आणि माळ जिथे भेटतात त्या बांधाशी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला बसावं आणि वाट पाहावी. ससा आपणहून चरायला येतो. पाहून झालं की त्याला हुसकावू नये, त्याच्यामागे धावू नये. खळगीतून उठवलेला ससा दिवसाढवळ्या उघड्यावर येतो आणि आकाशात मोरघार असेल तर तो तिच्या तावडीत सापडू शकतो.

पिल्लांच्या बाबतीत याहून जास्त जपायला हवं. ज्वारीची काढणी किंवा उसाची तोड चालू असताना मुठीएवढं पिल्लू एकटंच बसलेलं सापडतं. आई सोडून गेली असं समजून लोक ते घरी आणतात, वाटीत गाईचं दूध देतात आणि दोन-तीन दिवसांत ते हगवणीने मरतं. आई गेलेली नसते. या कुळातल्या माद्या दिवसभर पिल्लांपासून मुद्दाम लांब राहतात, म्हणजे त्यांच्या वासामागे खोकड किंवा कोल्हा पिल्लांपर्यंत पोचत नाही. अंधार पडल्यावर त्या येतात, पाजतात आणि पुन्हा दूर जातात. पिल्लाला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. असं पिल्लू दिसलं तर त्याला हात न लावता तिथेच राहू द्यावं. यंत्राखाली येण्याची भीती असेल तर गवताच्या मुठीने उचलून शेजारच्या बांधावर, सावलीत ठेवावं. आई त्याला शोधून काढते.

माळावर गवत खाणाऱ्या लहान प्राण्यांत वजनाने मोठा असा ससाच. खोकड, कोल्हा, रानमांजर, लांडगा, मोरघार, शृंगी घुबड या सगळ्यांच्या आहारात तो आहे. ससा कमी झाला म्हणून हे प्राणी लगेच नाहीसे होत नाहीत. ते गावाकडे वळतात, कोंबड्यांवर, करडांवर, मेंढरांवर. माळावरची शिकार संपली की लांडग्याचा सगळा भार धनगराच्या कळपावर येतो. मग विष घातलं जातं, बिळात धूर केला जातो, आणि माणूस विरुद्ध लांडगा अशी बातमी छापून येते. त्या बातमीत सशाचा उल्लेख नसतो.

विपुल प्राण्याकडे दुर्लक्ष केल्यावर काय होतं, याचं उदाहरण पिंजऱ्यातल्या सशाच्याच मायदेशात आहे. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये रानससा इतका होता की त्याचं रक्षण करावं लागेल असं कुणाला वाटलं नव्हतं. 1950 च्या दशकात मिक्सोमॅटोसिस हा विषाणूजन्य रोग आला, 1980 च्या दशकाच्या अखेरीस रक्तस्रावाचा दुसरा रोग आला आणि शेतीची पद्धतही बदलली. ससे घटले. त्यांच्यावरच जगणारं आयबेरियन लिंक्स हे रानमांजर 2002 पर्यंत शंभराच्याही खाली आलं. त्याला वाचवायला पैदास केंद्रं काढावी लागली आणि त्याबरोबर सशांची संख्या नि झुडपी रान पुन्हा उभं करावं लागलं. 2024 मध्ये लिंक्स ‘संकटग्रस्त’ गटातून एक पायरी सावरून ‘असुरक्षित’ गटात आलं. पण मूळ प्रदेशातला रानससा लाल यादीत आज ‘संकटग्रस्त’ म्हणूनच नोंदलेला आहे. याच सशाने 1859 नंतर ऑस्ट्रेलियात धुमाकूळ घातला. तिथे तो बाहेरून आणून सोडलेला होता. म्हणून पाळून कंटाळा आलेला पांढरा ससा ‘मोकळा करायला’ आपल्या माळावर नेऊन सोडणं हेही चूक आहे. एक तर तो दोन दिवसांत कुत्र्यांच्या तोंडी जातो, नाही तर इथल्या प्राण्यांना नसलेला रोग आणू शकतो.

आपल्या सशावरचं संकट रोगाचं नाही, जमिनीचं आहे. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहाच्या 2019 च्या आवृत्तीत देशाची सुमारे 17 टक्के जमीन पडीक धरली आहे. त्यात क्षारपड आणि उद्ध्वस्त जमिनींबरोबर खुरट्या झुडपांच्या आणि उघड्या खडकाळ जमिनीही आहेत. याचा अर्थ माळाचा आणि सड्यांचा मोठा भाग सरकारी कागदावर निरुपयोगी ठरतो. ही वर्गवारी इंग्रजी अमदानीतल्या महसूल खात्याकडून आली. जी जमीन सारा देत नाही ती पडीक, हा तिचा निकष होता. स्वतंत्र भारताने तो बदलला नाही. 2022 मध्ये एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक या संशोधकांनी उपग्रहचित्रांच्या आधारे देशातल्या निमशुष्क, उघड्या नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यांच्या हिशेबाने अशा जमिनी देशाच्या सुमारे दहा टक्के भूभागावर आहेत आणि त्यातल्या पाच टक्क्यांहूनही कमी जमिनीला संरक्षित क्षेत्राचं कवच आहे. महाराष्ट्रात अहिल्यानगर जिल्ह्यातलं रेहेकुरी काळवीट अभयारण्य जेमतेम 2.17 चौरस किलोमीटरचं आणि बारामती तालुक्यातलं सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य 5.14 चौरस किलोमीटरचं आहे. बाकीचा बराचसा माळ उघडाच आहे.

पडीक म्हटलेल्या जमिनीवर काहीही करता येतं. कुठे औद्योगिक वसाहत येते, कुठे सौर पॅनेलं, कुठे मुरुमाची खाण, कुठे कचरा डेपो. सगळ्यात जास्त नुकसान मात्र चांगल्या हेतूने होतं. महाराष्ट्रात 2016 ते 2019 या चार पावसाळ्यांत पन्नास कोटी झाडं लावण्याची मोहीम झाली. एकट्या शेवटच्या वर्षाचं उद्दिष्ट 33 कोटी होतं. झाडं लावायला मोकळी जागा लागते, आणि मोकळी जागा म्हटली की नजर माळावर जाते. सलग समतल चर खणले जातात, गवताची मुळं उपटली जातात आणि गिरिपुष्पासारखी परदेशी झाडं रांगेने उभी राहतात. पवना, मारवेल, कुसळी या गवतांना ऊन लागतं. सावली पडली की ती संपतात आणि त्यांच्याबरोबर सशाचं अन्न नि आडोसा दोन्ही जातात. झाडं हवीत याबद्दल वाद नाही. ती रस्त्याकडेला, गावठाणात, बांधावर आणि जिथे खरोखर जंगल तोडलं गेलं तिथे लावावीत. माळ हे तोडलेलं जंगल आहे, हा समज मात्र सोडून द्यायला हवा. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी वाङ्मयातले आणि लोकपरंपरेतले वनस्पतींचे उल्लेख तपासून 2025 मध्ये निष्कर्ष मांडला की पश्चिम महाराष्ट्राचा हा प्रदेश शेकडो वर्षांपासून गवत आणि काटेरी झाडांचाच आहे. बाभूळ, हिवर, तरवड, बोर ही त्या माळाची मूळची रहिवासी आहेत.

अनुकूल गोष्टीही घडत आहेत. पुणे वन विभागाने कडबनवाडी आणि शिर्सुफळच्या माळांवर गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली, तेव्हा गावच्या तरुणांना वाटाड्याचं काम मिळालं आणि लांडगा-खोकडांबरोबर ससाही पाहण्याजोगा ठरला. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विदर्भातल्या झुडपी जंगलांना वन म्हणूनच धरायचं असं स्पष्ट केलं. वर्षानुवर्षं झुडपं म्हणून हिणवलेल्या जमिनीला कायद्याने मान दिला, याचं स्वागत व्हायला हवं. पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि मराठवाड्यातल्या माळांनाही असाच स्पष्ट दर्जा मिळायला हवा.

शेतकऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. ससा हरभऱ्याचे कोवळे शेंडे खातो, भुईमुगाचा पाला खातो, नव्या फळबागेतल्या रोपांची साल कुरतडतो. रोपं विकत आणलेल्या माणसाला हे नुकसान छोटं वाटत नाही. पण रोपाभोवती फूट-दीड फूट उंचीची बारीक जाळी लावली की ते बरंचसं थांबतं. रानडुकराने केलेल्या नासाडीशी याची तुलनाच होत नाही. शेताच्या कडेला खोकड आणि घुबड टिकू दिले तर उंदीर आणि ससे दोन्हींवर आपोआप वचक राहतो.

शिकारीला मात्र कोणतंही समर्थन उरलेलं नाही. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा सशाला लागू आहे. त्याला मारणं, पकडणं, पाळणं, त्याचं मटण विकणं हे सगळे गुन्हे आहेत आणि त्यांना तुरुंगवासाची तरतूद आहे. तरीही रात्री जीपमधून किंवा मोटारसायकलवरून प्रखर बॅटरीचा झोत टाकून ससे मारले जातात. झोतात ससा जागच्या जागी खिळतो, त्यामुळे त्यात ना कसब लागतं ना धाडस. संशय मात्र पहिल्यांदा पारधी वस्तीवर घेतला जातो. पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी फास लावणाऱ्या या समाजाकडे माळाचं जेवढं ज्ञान आहे तेवढं फार थोड्यांकडे आहे. वन विभागाने त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्याऐवजी माळाचे राखणदार आणि मोजणीदार म्हणून पगारावर घ्यावं. ससा कुठे बसतो, कुठून उठतो, कुठल्या वाटेने जातो हे त्यांना शिकवावं लागणार नाही.

बॅटरीवाल्यांइतकाच धोका मोकाट कुत्र्यांचा आहे. गावाबाहेर उघड्यावर टाकलेल्या कचऱ्यावर आणि पोल्ट्रीच्या मेलेल्या कोंबड्यांवर कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या जातात आणि त्या माळावर ससे, काळविटांची पाडसं, जमिनीवरची घरटी संपवतात. त्यावर उपाय कचऱ्याची विल्हेवाट आणि कुत्र्यांची नसबंदी हाच आहे आणि तो ग्रामपंचायतीच्या हातात आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोवळं गवत फुटावं म्हणून लावलेले वणवे थांबवणंही गावाच्याच हातात आहे. मोठा ससा आगीपुढे पळू शकतो, खळगीत दबून बसलेलं पिल्लू पळू शकत नाही.

आता मोजणीबद्दल. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही आवश्यक केली आहे. ही नोंदवही एकदा भरून कपाटात ठेवण्याची वस्तू नाही, तिच्यात दर वर्षी भर पडायला हवी. सशाची नोंद करायला खर्च येत नाही. माळावर ठरावीक दहा-वीस जागी दोन मीटर बाय दोन मीटरचे चौकोन आखावेत, त्यातल्या जुन्या लेंड्या वेचून काढाव्यात, महिन्याभराने नव्या मोजाव्यात आणि आकडा लिहून ठेवावा. दर हिवाळ्यात आणि दर पावसाळ्यानंतर त्याच चौकोनांवर हेच करावं. गवतात दडणाऱ्या प्राण्यांसाठी जगभर वापरली जाणारी ही पद्धत आहे आणि आठवी-नववीची मुलं विज्ञानाच्या शिक्षकांबरोबर ती सहज करू शकतात. पाच वर्षांत त्या गावाकडे स्वतःच्या माळाचा असा आलेख तयार होईल, जो आज कुठल्याही सरकारी कार्यालयात नाही. उद्या त्या माळावर एखादा प्रकल्प मंजूर झाला, तर ‘इथे काहीच नाही’ असं म्हणणाऱ्याला हा आलेख उत्तर देईल.

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1911 मध्ये भारतातल्या सस्तन प्राण्यांचं मोठं सर्वेक्षण हाती घेतलं, तेव्हा सुरुवात खानदेशापासून केली होती. उंदीर, वटवाघळं, खारी अशा लहान प्राण्यांची नोंद ठेवणं हे शास्त्राचं काम आहे, हे शंभर वर्षांपूर्वी याच भूमीवर मान्य झालं होतं. आज मोबाइल, नकाशे आणि शिकलेली मुलं हाताशी असताना ते अवघड असण्याचं कारण नाही.

राज्य सरकारने तीन गोष्टी कराव्यात. माळ आणि सडे यांना पडीक जमिनींच्या यादीतून वगळून स्वतंत्र नैसर्गिक परिसंस्था म्हणून महसुली नोंदीत आणावं. तिथे वृक्षलागवडीचं उद्दिष्ट देणं बंद करावं. लोकजैवविविधता नोंदवहीत ससा, खोकड आणि गवतांची वार्षिक नोंद बंधनकारक करावी. आणि ज्यांच्या गावाला माळ आहे, त्यांनी येत्या ग्रामसभेत एवढाच प्रश्न विचारावा: आपल्या माळावर ससे किती आहेत? उत्तर नसेल, तर मोजणीची जबाबदारी कुणाची आणि पहिली मोजणी कोणत्या महिन्यात, हे त्याच सभेत ठरवून इतिवृत्तात लिहून घ्यावं.